मायनस बॉडीला

माझे वडील फोन उचलत नाहीत, या एका गोष्टीने गेलं वर्षभर माझं डोकं उठवलं होतं. ते राहतात पनवेलजवळ कोन गावात, मी लग्नानंतर रोडपालीला. अंतर म्हणाल तर वाटेतल्या सर्कलला गाडी अडकली नाही तर वीस-पंचवीस मिनिटांचं. आई गेल्यापासून ते घरात एकटेच. शेजारी चुलत्यांचं घर आहे, एवढाच काय तो आधार. म्हणून सकाळची शाळा सुटली की गेटबाहेर उभ्या उभ्या मी त्यांना फोन लावायची. पूर्ण रिंग जायची. पुन्हा लावायची, पुन्हा पूर्ण रिंग. मग तासाभराने त्यांचाच फोन यायचा आणि मी "हॅलो" म्हणायच्या आत ते सुरू व्हायचे. "जेवलो, पानी आयला व्हता, काकीनं भाकऱ्या दिल्या, सगला ठीक हाय, ठेवतो." आणि खरंच ठेवून द्यायचे. मी हातातल्या फोनकडे बघत राहायची.

"बाबा, तुमी फोन का नाय उचलत?" असं समोरासमोर विचारलं की उत्तर तयार असायचं.

"गारीत व्हतो. हायवेला काय ऐकू येतंय?"

आमच्याकडे गाडीला गारीच म्हणतात. आणि हे उत्तर मला पटायचं, कारण कोनच्या माणसाला हायवेचा आवाज समजावून सांगावा लागत नाही. एका अंगाला एक्स्प्रेसवे, दुसऱ्या अंगाला जुना हायवे, दिवसभर कंटेनरची रांग, आणि आता डोक्यावरून विमानं. बाबा पंच्याहत्तरीतही रोज सकाळी गाडी काढून पनवेलच्या बाजारात जातात. काम असो नसो. थोडी भाजी घेतात, एका जुन्या दोस्ताच्या दुकानात चहा पितात आणि परत येतात. त्यांना जाऊ नका म्हणायची कुणाची टाप नाही. तेव्हा मीच एक तोडगा काढला. त्यांच्या गाडीत असा स्टिरिओ बसवायचा की फोन आला तर तो गाडीच्या स्पीकरमधून वाजेल आणि बोलणंही तिथूनच होईल. मग बघते कसे उचलत नाहीत.

कल्पना मला स्वतःला इतकी आवडली की मी त्याच आठवड्यात स्टिरिओ मागवला. मोठा पडदा, बोटाने चालणारा, गाणं लागलं की त्यावर हिरव्या-पिवळ्या पट्ट्या खालीवर नाचणार. नवरा म्हणाला, "दुकानात नेऊन बसवून घे ना, दोन तासांचं काम." मी त्याच्याकडे फक्त पाहिलं. बँकेतला सरळमार्गी माणूस, त्याला काय कळणार! ज्या माणसाच्या मशीनवर पनवेल-उरणच्या निम्म्या गावांच्या हळदी वाजल्या, त्याच्या गाडीत परक्याने येऊन टेप बसवायचा?

माझ्या बाबांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. आमची थोडी शेती होती ती सरकारने घेतली, पण त्याच्या आधीपासून बाबांना वायरींचं वेड. एक मशीन, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, चार भोंगे, दोन उभे स्पीकर, माइकचे तीन दांडे आणि वायरींची गाठोडी. हे सगळं आमच्या पडवीत असायचं आणि पाहुण्यांना बसायला जागा नसायची. मी एकुलती एक. मुलगा नाही म्हणून त्यांनी कधी उसासा टाकला नाही, उलट मला वायर सोलायला शिकवलं. दाताने सोलायची नाही, नखाने सोलायची. दाताने सोलली की आईचा आरडाओरडा आणि बाबांची टपली, दोन्ही मिळायचं.

आमच्या आगरी लग्नात धवलारीण लागते. लग्नाचा एकेक विधी गाण्यातून सांगणारी बाई, बहुतेक म्हातारीच. तिचा आवाज बारीक, दम कमी, आणि मांडवात ही गर्दी. बाबा तिच्यासमोर माइक अगदी खाली, तिच्या बसल्या जागी तोंडाशी आणून ठेवायचे, त्यावर स्वतःचा धुतलेला रुमाल बांधायचे आणि मला माइकपाशी बसवून आकडे मोजायला सांगायचे. मग स्वतः चालत गावाच्या शेवटच्या घरापर्यंत जायचे. तिथे डोळे मिटून उभे राहायचे. त्यांचं म्हणणं, शेवटच्या घरातल्या म्हातारीला धवला, म्हणजे ते गाणं, ऐकू गेला नाही तर तिला लग्नाला बोलावलंच नाही असं होतं. मी एक ते शंभर मोजून पुन्हा एकपासून सुरू करायची. दुपारचे चार वाजलेले, मांडवात केळीचे खांब नुकते लागलेले, आणि माझाच आवाज चारी बाजूंनी मला ऐकू येतोय. आजही शाळेत असेंब्लीला माइक हातात घेतला की मला ती दुपार आठवते आणि उगाच रुबाब येतो.

त्यांचा कान म्हणजे काय सांगू. एकदा आम्ही दोघं एसटीने उरणहून येत होतो. रस्त्याच्या कडेला कुठेतरी लग्न होतं. बस धावतेय, खिडक्या खडखडतायत, आणि बाबा म्हणाले, "डावीकडच्या भोंग्याचा युनिट फाटलाय." पुढच्या आठवड्यात त्या लग्नातला स्पीकरवाला तोच भोंगा घेऊन आमच्या पडवीत दुरुस्तीला आला. मी तेव्हा दहा वर्षांची असेन. माझ्यासाठी माझा बाप त्या दिवशी देव झाला आणि नंतर बरीच वर्षं तसाच राहिला.

तर एका रविवारी सकाळी मी स्टिरिओचा खोका आणि पानं-पक्कड घेऊन कोनला पोचले. बाबांनी गाडी अंगणात आंब्याखाली लावून ठेवली होती. वीसेक वर्षांची पांढरी गाडी. तिच्यात जुना कॅसेटचा टेप होता, बाबांनी स्वतः बसवलेला, आणि तो बंद पडूनही काही वर्षं झाली होती. मी शिक्षिका, आठवीला विद्युत परिपथ शिकवते. आदल्या दिवशी चार व्हिडिओ पाहिले होते. त्यामुळे माझ्या अंगात भलताच जोर होता.

"तुमी बसा पडवीत," मी म्हटलं. "मी करतंय सगला. तुमी निस्ता बगा."

"बगतो की," बाबा म्हणाले आणि माझ्या डोक्यावर येऊन उभे राहिले.

जुना टेप बाहेर काढला. मागे वायरींचा गुंता होता, पण तो बाबांचा गुंता होता, म्हणजे मला ओळखीचा. प्रत्येक स्पीकरला एकच वायर गेलेली. दुसरी वायर नाहीच. असं का, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. निवडणुकीच्या प्रचाराच्या जीपवर भोंगे बांधताना बाबांनी मला ते लहानपणीच शिकवलं होतं. स्पीकरला दोन वायरी लागतात, प्लस आणि मायनस. पण जीपचं अख्खं अंग लोखंडाचं, मग दुसरी वायर कशाला वाया घालवायची? प्लसची वायर मशीनपासून न्यायची आणि मायनस तिथल्या तिथे जीपच्या पत्र्याला स्क्रूने आवळायचा. परत यायचा रस्ता गाडीच देते. "मायनस बॉडीला," हे बाबांचं वाक्य. आमच्या घरात हे इतक्या वेळा बोललं जायचं की आई कधीकधी चिडून म्हणायची, ह्यांना जेवायलाही बॉडीलाच वाढते.

म्हणून नव्या स्टिरिओच्या पाठीमागून चार स्पीकरसाठी आठ वायरी निघालेल्या बघून मला हसूच आलं. चार प्लस मी एकेका जुन्या वायरीला जोडले. चार मायनस एकत्र पिळले, त्यांची एक जाड वेणी केली, आणि बॉडीला आवळली. व्हिडिओतल्या कुठल्याही माणसाने असं केलं नव्हतं. त्यांना हे ठाऊकच नसणार, असं मी मनात म्हटलं. घराण्याची विद्या!

चावी फिरवली. पडदा उजळला. काय सुंदर दिसला म्हणून सांगू! फोन जोडला, एक हळदीचं गाणं लावलं. पडद्यावर सेकंद पुढे सरकायला लागले, पट्ट्या नाचायला लागल्या, आणि गाडीत एक अक्षर वाजेना.

आवाज वाढवला. काही नाही. आवाज पुढच्या स्पीकरना जातोय की मागच्या, ते बदलून बघितलं. तसंच. मुका करायचं बटण चुकून दाबलं गेलंय का पाहिलं. फ्यूज काढून उजेडात धरला, तार शाबूत होती. वायरींच्या जोडाचा कपलर उपसून पुन्हा दाबून बसवला. तासभर मी ड्रायव्हरच्या आणि शेजारच्या सीटच्या मध्ये, गिअरच्या दांड्याने बरगडीत ढोसून घेत, उलटीसुलटी पडले होते. घामाने डबडबले. स्टिरिओ बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि व्हिडिओवाल्यांना मी शिव्या घातल्या. बाबा मधूनमधून काहीबाही सांगत होते, पण माझा पारा इतका चढला होता की मी उत्तरही दिलं नाही.

शेवटी म्हटलं, मागचे स्पीकर तरी बघावेत. "बाबा, तुमी पुडं बसा, गाना चालू ठेवा," असं हातवारे करून सांगितलं आणि मी मागे गेले. डिकी उघडली आणि स्पीकरला कान लावला. आत शुकशुकाट. वायर जरा हलवली. शुकशुकाट. दुसऱ्या स्पीकरला कान लावला.

तेवढ्यात पुढून बाबांचा खणखणीत आवाज आला, "हां! आता बराबर झाला. मस्त वाजतंय!"

मला वाटलं, टिंगल करतायत. त्यांचा स्वभावच तसा आहे, रडणाऱ्याला आणखी चिमटा काढायचा. मी काहीतरी खरमरीत बोलायला डोकं वर काढलं. बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. नजर पडद्यावर. हिरव्या-पिवळ्या पट्ट्या खालीवर होत होत्या आणि त्यांच्या तालावर बाबांचं बोट स्टिअरिंगवर ठेका धरत होतं. चेहऱ्यावर समाधान. लेकीचं काम जमलं, याचं समाधान.

गाडीत काहीही वाजत नव्हतं.

मी डिकीत ओणवी होते तशीच राहिले. डोक्यावरून एक विमान गेलं, इतकं खालून की आंब्याच्या पानांनाही कळलं असेल. बाबांनी वर पाहिलं नाही. मग मला गेल्या वर्षाच्या सगळ्या गोष्टी एकदम दिसायला लागल्या. टीव्ही इतका मोठा की मी त्यांना हट्टी म्हणायची. काहीही विचारलं की "बरा, बरा" म्हणून मान हलवणं. फोनवर स्वतःच बोलून ठेवून देणं, कारण ऐकावं लागलं तर फजिती. आणि करंजा! दर रविवारी सकाळी करंजाच्या बंदरावर जाऊन लिलावात बोली लावून मावरा, म्हणजे मासळी, आणणारा माणूस, वर्षभर गेला नव्हता. "मावरा म्हाग झालाय," म्हणायचे. मावरा महाग झालेला नव्हता. लिलावाची बोली ऐकू येत नव्हती.

आणि हाच माणूस रोज सकाळी एकटा गाडी घेऊन त्या कंटेनरच्या गर्दीत घुसत होता. मागून कुणी हॉर्न दिला तर? अ‍ॅम्ब्युलन्स आली तर?  मी त्यांना गाडीच्या स्पीकरवर फोन वाजवून देणार होते. काय हुशार मुलगी!

पण त्याहून जास्त भीती मला वेगळ्याच गोष्टीची वाटली. हे त्यांना सांगायचं कुणी? गाडी चालवू नका म्हटलं तर कारण द्यावं लागणार, आणि कारण दिलं तर त्या माणसाकडून त्याचा कानच काढून घेतल्यासारखं होणार. मला ते धाडस नव्हतं. मी नववीतल्या पोरांना एका नजरेत गप्प करते, पण हा बाप होता.

मग मी खोटं बोलले. पुढे गेले, दारापाशी वाकले, आणि मोठ्याने म्हटलं, "बाबा, मागचे वाजतान. ह्यो पुडचा जरा बारीक येतंय. बगा ना तुमी."

वाटलं, त्यांना काहीतरी काम मिळेल, मला विचार करायला वेळ मिळेल. मी दाराचं झाकण आधीच काढून ठेवलं होतं. आतला स्पीकर उघडा दिसत होता. बाबा खाली उतरले, गुडघा टेकला, आणि उजव्या हाताची तीन बोटं स्पीकरच्या काळ्या कागदावर अलगद ठेवली. वैद्य नाडी बघतो तशी.

हे मला सुचलंच नव्हतं. पडवीत दुरुस्ती करताना त्यांची ती सवयच होती, हे मी साफ विसरले होते.

ते तसेच थांबले. दहा सेकंद, पंधरा सेकंद. मग उठून मागच्या दारातून आत शिरले आणि मागच्या स्पीकरवर बोटं ठेवली. तिथेही थांबले. मग पुढे येऊन पडद्याकडे पाहिलं. पट्ट्या जोरात नाचत होत्या. मग माझ्याकडे पाहिलं.

"एकबी वाजत नाय," ते म्हणाले.

मी चावी फिरवून पडदा बंद केला.

"आनि तुला ठावा व्हता."

ते वळले आणि घरात निघून गेले. मला वाटलं, झालं. आता हा माणूस आठ दिवस बोलणार नाही. मला त्यांचा राग आला, खरं सांगते. वर्षभर मला फसवत होते, आणि आता रुसूनही तेच बसणार! आणि त्याच क्षणी मला त्यांच्यामागे धावत जाऊन त्यांना मिठी मारावीशीही वाटली. आमच्याकडे बापाला मिठी वगैरे मारत नाहीत, म्हणून मी अंगणात पक्कड हातात धरून नुसती उभी राहिले.

पाचेक मिनिटांनी ते बाहेर आले. एका हातात वायरीचं जुनं भेंडोळं, दुसऱ्या हातात एक पेन्सिल सेल. दारातून मला भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. त्याचा सेकंदकाटा थांबलेला होता.

"बाजूला सर," ते म्हणाले.

मी बाजूला झाले. त्यांनी स्पीकरची वायर सोडवली, भेंडोळ्यातले दोन तुकडे त्याला लावले आणि सेलच्या दोन टोकांना टेकवले. कागद पुढे आला, खट्ट झालं. मला ऐकू आलं, त्यांना बोटाला कळलं. दुसरा स्पीकर, खट्ट. तिसरा, चौथा. चारही जिवंत. मग त्यांनी प्लसची वायर पुढच्या टोकाला तपासली. तीही शाबूत. हे सगळं करताना त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, पण हात पुढे केला की मी न विचारता पक्कड देत होते, आणि पुन्हा केला की टेस्टर. तीस वर्षांपूर्वीचं काहीतरी आपोआप चालू झालं होतं. मला रडू येत होतं आणि मी ते नाकातच ठेवलं.

मग ते माझ्या त्या जाड वेणीपाशी आले. चार मायनसची वेणी, बॉडीला आवळलेली. तिच्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"ह्या कोनी केला?"

मी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग धीर करून त्यांच्याकडे बोट दाखवलं. तुम्हीच शिकवलं ना?

त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी स्टिरिओ उलटा करून त्याच्या पाठीवरच्या आठ वायरी माझ्यासमोर एकेक करून मोजल्या.

"जुन्या टेपला मायनस किती व्हतं? एक. ह्याला किती हायत? चार. तुला कंपनीवाला फुकट वायर देल काय? चार दिल्यान म्हंजी चार येगलं लागतान. जुना मशीन येगला, ह्या येगला. ह्याचा मायनस बॉडीला लागला का ह्या जीव धरून गप बसतंय."

मी आठवीला विद्युत परिपथ शिकवते. माहितीपत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत तेच लिहिलं होतं, हे मला घरी गेल्यावर सापडलं. बॉडीला जोडल्यास यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी आवाज बंद करतं. बाबांनी ते पत्रक हातातही घेतलं नव्हतं. त्यांनी फक्त धंदेवाल्या माणसाचा हिशोब लावला की कुणी उगाच वायर देत नाही.

वेणी सोडली. चारही स्पीकरचे बॉडीला आवळलेले स्क्रू काढले. काही इतके गंजलेले की पक्कड घसरून माझं बोट सोललं. बाबांनी भेंडोळ्यातून दोन पदरी वायरी कापल्या, दाराच्या रबरी नळीतून ओढून घेतल्या आणि स्पीकरला नेल्या. मी टोकं सोलून दिली, नखाने. त्यांनी सांधे पिळले, चिकटपट्टी गुंडाळली. दुपार टळत आली होती. शेजारून काकी जेवायला बोलवायला येऊन गेली, आणि बाबांनी तिला हाताने परतवलं. ती काय बोलली ते त्यांना कळलं नसणार, पण दुपारची वेळ आणि तिच्या हातातली पळी, एवढ्यावरून त्यांनी ओळखलं. किती दिवस हा माणूस असा सगळीकडे ओळखत होता!

स्टिरिओ जागेवर सरकवला. बाबा गुडघ्यावर बसून पुढच्या दाराशी वाकलेले होते, पाठ माझ्याकडे. मी चावी फिरवली.

आवाज मघाशी मी शेवटपर्यंत वाढवून ठेवला होता, ते लक्षातच नव्हतं. गाणं असं फुटलं की मी सीटवरून उडाले. चुलत्यांच्या घरातून काकी धावत बाहेर आली. आंब्यावरचे कावळे उडाले. आणि बाबा तसेच वाकून चिकटपट्टीचा तुकडा दाताने तोडत होते.

मग त्यांनी मान वळवली. पडद्याकडे पाहिलं नाही. कागदावर बोटंही ठेवली नाहीत. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी मला विचारलं, "वाजतंय काय?"

माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांना हा प्रश्न कुणालाही विचारताना ऐकलं नव्हतं. लोक त्यांना विचारायचे.

"वाजतंय!" मी ओरडले. "बाबा, वाजतंय! चारी वाजतान!"

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि हात खाली-खाली केला, मशीनचा आवाज कमी करायला सांगताना करायचे तसा. "बाय, वरडू नको. वरडलीस का निस्ता गोंगाट व्हतो. सावकास बोल. माज्याकडं तोंड करून, एकेक बोल येगला. मंग कलतंय."

मी आवाज बंद केला. खाली उतरले आणि त्यांच्यासमोर अंगणातच फतकल मारून बसले. त्यांच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "कवापासून?"

त्यांनी हातातल्या पट्टीची गोळी केली. "तुजी आय व्हती तवाच कमी झालता. पन ती सांगायची ना मना. तू काय बोललीस का ती परत सांगायची. मना कलायचा."

मला जेवणाची पंगत आठवली. मी रविवारी यायची, काहीतरी सांगायची, आणि आई माझं वाक्य जसंच्या तसं बाबांकडे तोंड करून पुन्हा म्हणायची. "अवो, ती बोलतंय का तिच्या शालंत परीक्षा हायत." मी वैतागायची. मी म्हणायची, आई, मी मराठीतच बोललेय, तू कशाला भाषांतर करतेस? ती हसायची आणि पुढचं वाक्यही पुन्हा म्हणायची. एकदा तर मी तिला सगळ्यांदेखत म्हातारचळ लागलाय म्हणाले होते. तेवढं मात्र तिने बाबांना पुन्हा सांगितलं नाही. कितीतरी वर्षं तिने हे केलं आणि मला एका शब्दाने कळू दिलं नाही, आणि मी तिला त्याबद्दल बोलत राहिले. आता तिला काय सांगणार.

काकी कुंपणापाशी उभी राहून आमच्याकडे बघत होती. बाबा उठले, कपडे झटकले. मी पुन्हा त्यांच्यासमोर जाऊन सावकाश सांगितलं की मंगळवारी मी शाळेला सुट्टी टाकते, पनवेलला कानाचे एक चांगले डॉक्टर आहेत, रविवारीही संध्याकाळी नंबर घेतात. म्हटलं आता ते "बरा, बरा" म्हणून मान हलवतील. पण त्यांनी माझं सगळं वाक्य संपेपर्यंत माझ्या ओठांवरची नजर काढली नाही. मग गाडीपाशी गेले, पुढचं दार उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या डाव्या सीटवर जाऊन बसले.

"मंगलवारी कशाला," ते म्हणाले. "आज पनवेलला जाऊन नंबर लावून येव. चल, गारी तू चालव."